हरेगावची पायी वारी: चार दिवस, चार रहस्यं

बुधवारी पहाटे साडेचारला आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून निघतो आणि नगर नाका मागे पडला की पहिली जपमाळ सुरू करतो. शनिवारी दुपारपर्यंत श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव गाठायचं असतं. अंतर सुमारे 95 ते 100 किलोमीटर. मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा 8 सप्टेंबरच्या, तिच्या जन्मदिनाच्या आसपासच्या शनिवार-रविवारी भरते. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालतो. दिंडी बुधवारीच काढायची यामागे कारण आहे. कॅथलिक जपमाळेत वारानुसार रहस्यं, म्हणजे मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, ठरलेली असतात: बुधवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, शुक्रवारी दुःखाची आणि शनिवारी आनंदाची. आमची वाट याच क्रमानं उलगडत जाते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे आधीच समजावून सांगावं, नाहीतर शुक्रवारी पाय सुजले की माणूस आपलंच काहीतरी चुकलं असं समजून बसतो.

माळ हेच आमचं अंतर मोजायचं माप आहे. 59 मणी असतात, त्यांत 53 ‘नमो मरिया’ आणि 6 ‘आमच्या बापा’ या प्रार्थनांचे. पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) माळ चालता चालता म्हणायला 20 ते 22 मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सव्वा ते दीड किलोमीटर सरतो. पुढचं पाणी किती लांब, असं कुणी विचारलं की उत्तर ‘दोन माळा’ असं येतं. दिवसात चार-पाच माळा पुरे होतात. बाकी वेळ टाळ-ढोलकीवर भजनं, आणि सकाळचा एक तास मौन. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे, त्यामुळे पेटी नसली तरी आवाज भरून निघतो. माळ प्लास्टिकची नको, घामानं मणी निसटतात. दोऱ्याला गाठी मारून केलेली माळ मनगटाला गुंडाळता येते आणि अंधारातही बोटाला दशक कळतं.

वाळूजपर्यंतचा रस्ता एमआयडीसीच्या ट्रकांचा. इथं शिस्त सैल पडली तर जिवावर बेतेल. एका रांगेत चालायचं आणि उजडेपर्यंत चमकणारी जाकिटं घालायची. सर्वांत पुढं एक आणि सर्वांत मागं एक असे दोन टॉर्चवाले, मागच्याचा दिवा लाल. रांगेच्या तोंडाशी सर्वांत हळू चालणारी माणसं ठेवायची. तरणी पोरं पुढं ठेवली की तासाभरात दिंडीचे तीन तुकडे होतात आणि शेवटचा तुकडा नेहमी म्हाताऱ्या बायांचा असतो. ज्यांना गावानं, भावकीनं आयुष्यभर मागंच ठेवलं, त्यांना इथंही मागं टाकायचं? म्हणून आमच्यात वेग ठरवायचा अधिकार गुडघे दुखणाऱ्या बाईला आहे. तिच्या पावलाला पाऊल लावून चाळीस जण चालतात. हे पहिल्या दिवशी पोरांना जड जातं, तिसऱ्या दिवशी कुणाला सांगावं लागत नाही.

चाळीस जणांमागे एक छोटा हत्ती टेम्पो पुरतो. त्यात अंथरुणं, शेगडी, दोन पातेली आणि पाण्याचे जार. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरावं, म्हणजे 160 लिटर, वीस लिटरचे आठ जार. सकाळी पोह्यांना अडीच किलो पोहे, दुपारी चार किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ, रात्री पिठलं-भाकरी. चारही दिवस शाकाहारी जेवण, म्हणजे शुक्रवारी मांस न खाण्याचा प्रश्नच उरत नाही आणि ज्या शाळेच्या ओट्यावर मुक्काम असतो तिथल्या कुणाचं मन दुखावत नाही. सप्टेंबरची उघडीप फसवी असते. हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला तरी गरगरतंच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण सकाळीच करून ठेवायचं. मीठ अंदाजानं टाकू नये, जास्त झालं तर उलट त्रास होतो. लघवी गडद पिवळी दिसली तर त्या माणसाला तासभर टेम्पोत बसवायचं, त्यानं नवस मोडत नाही. बाया मात्र पाणी प्यायचंच टाळतात, कारण वाटेत आडोसा नसतो. म्हणून पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालय अशी ठिकाणं आठवडाभर आधी जाऊन बोलून ठेवावी लागतात. हे काम बायांनीच करावं. पुरुषांना त्यातली निकड कळायला उशीर लागतो.

पहिला मुक्काम लिंबेजळगावच्या आसपास, दुसरा गोदावरीच्या पुलाजवळ कायगाव-टोक्याला. गोदावरी-प्रवरेचा हा संगम. उजव्या हाताला गंगापूर-वैजापूरकडची गावं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्रान्सलियन (सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे) धर्मगुरू या भागात आले आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं काय झालं ते आमच्या दिंडीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाणवठा वेगळा तो वेगळाच राहिला. नात्यातल्यांनी रोटी-बेटी बंद केली. कुठं दफनभूमीसाठी भांडावं लागलं, कुठं अजून लागतं. आणि कायद्याचं म्हणाल तर अनुसूचित जातींचा 1950चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता, 1956मध्ये सगळे शीख आणि 1990मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे, त्यामुळे ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही त्याला मिळत नाही. गावाच्या लेखी त्याची जात गेलेली नाही, कागदावर मात्र गेली. आणि चर्चमध्येही जात पार पुसली गेली असं म्हणणं खोटं ठरेल. हे सगळं पाठीवर घेऊनच माणूस टोक्याच्या पुलावर येतो. ‘ख्रिस्ती झालात ना, मग कसलं दुःख?’ असं त्याला विचारणारा उपदेशक आम्ही दिंडीत बोलावत नाही.

शुक्रवार सर्वांत लांब. टोक्याहून नेवासा फाटा, नेवासा, तिथून श्रीरामपूर रस्त्याला लागून टाकळीभानपर्यंत. दुःखाची रहस्यं पाच: गेथशेमानीतला घाम, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रूसावरचं मरण. टेम्पोतला लाकडी क्रूस आज बाहेर निघतो. जेमतेम नऊ किलोचा, पण खांद्यावर एकाच जागी रुतला की दहा मिनिटांत हात बधिर होतो. एका माणसाला एक दशक, मग खांदा बदल. आधी टॉवेलची घडी ठेवायची. पाऊस झाला असेल तर रस्त्याच्या कडेला अजिबात उतरू नये. काळी माती तळव्याला चिकटून एकेक पाय किलोभर जड होतो आणि घोटा मुरगळतो.

फोडांचं काम याच दिवशी निघतं. नवे बूट घालून आलेल्यांना आधी, अनवाणी येणाऱ्यांना त्यानंतर. अनवाणी चालायचा नवस असला तरी साखरेचा आजार असलेल्यानं तसं चालू नये. तळव्याला संवेदना कमी असते, काच घुसलेली कळत नाही. फोड लहान असेल तर फोडू नका, वर पट्टी लावा. मोठा, टणक, पाऊल टेकवू न देणारा असेल तर हात आणि पाय साबणानं धुवायचे, नवी पाकीटबंद सुई घ्यायची, फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचून पाणी कापसानं दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची. मग पोविडोन आयोडीन, कोरडं गॉज, कागदी पट्टी. सुईत दोरा ओवून तो फोडात सोडायची जुनी रीत आहे, ती बंद करा, त्या दोऱ्यातूनच पू होतो. मधुमेहींचा फोड आम्ही टोचतच नाही, थेट दवाखाना. या कामाला बसणारा माणूस खाली जमिनीवर आणि ज्याचे पाय धुवायचे तो उंचावर बसतो. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी वेदीपाशी पाय धुतात ते वर्षातून एकदा. इथं नेवाशाच्या बाहेर लिंबाखाली, प्लास्टिकच्या टबात, कोमट पाण्यात, ज्याच्या हातचं पाणी एके काळी कुणी प्यायलं नसतं अशा माणसाचे पाय दुसरा कुणी मांडीवर घेऊन पुसतो. बोटांच्या बेचक्या आधी पुसाव्या, ओल तिथंच राहते.

नेवाशात पैस खांबाच्या मंदिरावरून जाताना भजन हळू करतो. 1290मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथं. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं होतं, त्यांच्यातल्या एकानं शेवटी मागितलं ते साऱ्या विश्वासाठी. 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या माणसांना दुरावलेले नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. मराठी ख्रिस्ती माणसाला या वाटेवर परकं वाटायचं काही कारण नाही, आणि वारकऱ्यांच्या घरून दिंडीला चहा येतो तेव्हा ते दिसतंही.

सगळीकडे चहा येतो असं नाही. ठरलेली जागा ऐनवेळी नाकारली जाते. त्यासाठी प्रत्येक मुक्कामाला दुसरी जागा ठरवलेली हवी. ग्रामपंचायतीचं किंवा मुख्याध्यापकांचं पत्र फोनमध्ये नको, कागदावर हवं. मार्गावरच्या पोलीस ठाण्यांना दिंडीची तारीख आणि माणसांची संख्या आठवडाभर आधी लेखी कळवावी. वाटेत पत्रकं वाटू नयेत, कुणाच्या दारात उभं राहून प्रार्थना करू नये. आपण चालायला निघालोय. नकार आला की वाद घालायचा नाही, सामान उचलायचं. त्या रात्री मात्र जेवणाआधी बायबलातल्या हबक्कूकचं तिसरं प्रकरण वाचतो, शेवटच्या ओळींपर्यंत. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. मराठवाड्यातल्या माणसाला यातल्या एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. कापूस वाळलेला, गोठा रिकामा, हे त्यानं पाहिलंय. त्याला थांबून ऐकावा लागतो तो ‘तरीही’.

शनिवारी आनंदाची रहस्यं. ती नीट बघितली तर गंमत वाटते. गाब्रिएल दूताचा निरोप येतो आणि अविवाहित मुलगी लोकांच्या बोलण्याच्या तोंडी जाते. बाळंतपणाला उतारशाळेत जागा मिळत नाही. मंदिरात म्हातारा शिमोन आईला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार जाईल. शेवटच्या रहस्यात पोर तीन दिवस हरवलेलं असतं. ही आनंदाची रहस्यं! आणि दुसऱ्यात काय आहे? मरिया उठते आणि डोंगराळ मुलुखातल्या अलिशिबेकडे निघते. नासरेथहून यहूदियापर्यंतचा रस्ता आमच्या या वाटेपेक्षा लांबचा. तिथं पोचल्यावर दारात तिला कुणी जाब विचारत नाही, ‘धन्य’ म्हणतं. आणि तेव्हा ती गाते: त्यानं आपल्या दासीच्या दैन्याकडं पाहिलं, बलवंतांना आसनावरून ओढलं, दीनांना उंच केलं. हेरोद तेव्हा गादीवरच होता, काही बदललेलं नव्हतं. तिला एक दार उघडं मिळालं होतं, एवढंच. आम्हाला हरेगावची ओढ का, ते या गाण्यात आहे.

टाकळीभानहून निघाल्यावर हरेगाव फाट्यापर्यंत चार-पाच दिशांच्या दिंड्या एकमेकींत मिसळतात. बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याचं हे गाव, खंडकऱ्यांच्या, म्हणजे कारखान्याला खंडानं जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांच्या, लढ्याचं. यात्रेत लाखांच्या घरात माणसं येतात. फोन लागत नाहीत, म्हणून आत शिरण्याआधी भेटायची जागा आणि वेळ ठरवावी, आणि लहान मुलांच्या खिशात नाव, गाव, फोन नंबरची चिठ्ठी. पापनिवेदनाला शनिवारी संध्याकाळी मोठी रांग असते, दुपारीच उभं राहावं. रात्री मैदानात चिखल असेल तर सतरंजीखाली ताडपत्री. परतीला श्रीरामपूरचं रेल्वे स्टेशन जवळ, पण रविवारी संध्याकाळच्या गर्दीत म्हाताऱ्यांना तिकडं नेऊ नका, सोमवारी पहाटे निघा.

मेणबत्त्या घरूनच आणायच्या, माणशी दोन. टेम्पोत उन्हानं त्या वाकतात आणि एकमेकींना चिकटतात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाण्याच्या जारांमध्ये उभ्या ठेवल्या तर सरळ राहतात. पहिली आपल्या मागण्यासाठी. दुसरी ज्यानं आपल्याला दार लावलं त्याच्या नावाची, भाऊ असो, सासर असो, गाव असो. नाव मोठ्यानं घ्यायचं नसतं. बऱ्याच जणांची ती पिशवीतच राहते, पुढच्या वर्षी तीच घेऊन येतात, आणि आम्ही विचारत नाही. लावणाऱ्यानं ती काडेपेटीनं लावू नये, मैदानात वारा असतो. पहिली नीट पेटू द्यावी, मग दुसरीची वात तिच्या ज्योतीत धरावी आणि डावा तळवा वाऱ्याच्या बाजूला आडवा करावा.