पगार २४ हजारांनी वाढला, म्हणजे हातात किती?

मामेभावाला बंगळुरूची ऑफर आलीय, काल फोनवर एकच घोषा, दादा पुण्यापेक्षा किती जास्त सुटतात ते सांग. म्हटलं थांब, लिहूनच टाकतो.

मी गेलो तेव्हा इनहँड ६८ हजारांवरून ९२ झाला. आईने सोसायटीत पेढे वाटले. आता बघ, पुण्यात मी कर्वेनगरला घरीच, म्हणजे भाडं शून्य, डबा आईचा, खर्च काय तो हिंजवडीपर्यंतचं पेट्रोल. बंगळुरूत व्हाईटफील्डला वन बीएचके २४ हजार! जेवढे वाढले तेवढेच्या तेवढे १ तारखेला मालकाच्या खात्यात, वर मेंटेनन्स अडीच हजार आणि स्वयंपाकाच्या मावशी वेगळ्या. (प्रोफेशनल टॅक्स दोन्हीकडे महिन्याला २००च, तेवढं एक समाधान.)

खरा झटका डिपॉझिटचा. तिथे पूर्वी सरळ १० महिन्यांचं भाडं मागायचे, मला ५ वर सोडलं, तरी १ लाख २० हजार अडकलेच ना. आणि घर सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापतात, अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं पण सही करायच्या घाईत वाचतंय कोण. माझ्या भिंतीला एकच खिळा होता, कालनिर्णय लावायला. २४ हजारांचा खिळा.

घरी यायचं म्हणजे ८००च्या वर किलोमीटर. उद्यान एक्सप्रेसला वेटिंग, मग स्लीपर बस, आणि गणपती-दिवाळीला बसवाले जे भाडं लावतात ते बघून वाटतं राहू दे, व्हिडिओ कॉलवरच आरती करू.

पण माझा तिथला एक मित्र लातूरचा, तो आधी पुण्यात वाकडला भाड्यानेच राहायचा, मेसचं खायचा. त्याचे दरमहा खरंच १५-१६ हजार जास्त उरायला लागले, कारण त्याचा खर्च आधीपासून होताच. शिवाय सकाळी दर्शिनीत (तिथलं उभ्याने खायचं छोटं हॉटेल) उभ्या-उभ्या इडली-वडा आणि कॉफी, त्या पैशात पुण्यात तसा नाश्ता मला तरी मिळाला नाही.

तू पण बाणेरला भाड्यानेच राहतोस, तेव्हा जा बिनधास्त. फक्त बाईक साताऱ्यालाच ठेव. वर्षाच्या वर तिकडे चालवायची तर एनओसी, कर्नाटकचा रोड टॅक्स, परत रजिस्ट्रेशन, आणि इकडे भरलेल्या टॅक्सच्या रिफंडसाठी आरटीओत हेलपाटे. माझे अजून चालूच आहेत.