अवसेला दिसलेला चंद्र

२६ डिसेंबर २०१९. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, त्याच दिवशी अमावास्या आणि वर सूर्यग्रहण. आईची पंचाईत झाली होती. महालक्ष्मीचं उद्यापन अवसेला करायचं की आदल्याच गुरुवारी उरकून टाकायचं, यावर आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आठवडाभर खलबतं चालली होती. शेवटी ‘ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून संध्याकाळी’ असा तोडगा निघाला. (महालक्ष्मीला कुणी विचारलं नाही.) दुधाच्या पातेल्यावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं पडली आणि मी स्वयंपाकघरात शिरून मोदक उकडायची चाळणी शोधायला लागले.

“ग्रहणात मोदक करतेस की काय?” आई.

मी चाळणी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. मी शाळेत असताना, १९९५च्या दिवाळीतल्या अवसेला, काकांच्या मोडलेल्या हाताच्या एक्स-रे फिल्ममधून आम्ही भावंडांनी आळीपाळीने ग्रहण पाहिलं होतं. असं बघणं डोळ्यांना धोक्याचं असतं हे पुढे कळलं. तेव्हापासून मी ग्रहण बघायचं ते सूर्याकडे पाठ करून.

कुंपणाजवळ आंब्याचं झाड आहे. त्याच्याखाली रोज कवडसे पडतात आणि ते गोल असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तिरक्या, कशाही, कवडसा मात्र गोल. कारण तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. इतकी वर्षं ती चित्रं तुडवत स्कूटर काढत होते, कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या सकाळी सव्वानऊच्या सुमाराला फरशीवर एकही गोल कवडसा उरला नव्हता. सगळ्या कोरी. शेकडो, एकमेकींवर चढलेल्या, वाऱ्याबरोबर एकदमच हलणाऱ्या. चाळणी छातीच्या उंचीवर धरली तर जमिनीवर शिस्तीत ओळी लागल्या, कुणीतरी काजू मांडून ठेवल्यासारख्या.

तोंडात शब्द आला ‘चंद्रकोर’. आणि तिथेच मी अडखळले. उजळ कोर होती ती सूर्याची. चंद्र होता काजूच्या पोटातल्या पोकळीत. खाल्लेला भाग, तो चंद्र.

आई न राहवून खाली आलीच. तिने वाकून काजू पाहिले. “म्हणजे हा आजचा चंद्र? अवसेचा?”

“हो.”

“मग नमस्कार करायचा की नाही?”

याचं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. अवसेला चंद्र नसतो, असं आपण किती सहज म्हणतो. कॅलेंडरात त्याच्या जागी काळा गोळा छापून मोकळे होतो. खरं तर तो असतो, भरदिवसा, सूर्याच्या शेजारून चाललेला, आपल्याकडे अंधारी पाठ करून. त्याची वाट पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली, म्हणून बहुतेक अवसांना तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. क्वचित नेमका समोरून जातो, आणि तेव्हाही सगळं नाव सूर्याचं. सूर्यग्रहण म्हणे! काम कुणाचं?

आणि कामही अवघड. चंद्राचा व्यास जेमतेम ३,४७४ किलोमीटर. सूर्य त्याच्या साधारण ४०० पट मोठा, पण अंतरानेही साधारण ४०० पट लांब. त्यामुळे इथून दोघं एकाच मापाचे दिसतात, डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण चपखल बसावं तसे. त्या दिवशी झाकण किंचित लहान पडलं. केरळात आणि कोइमतूरकडे कडेने सूर्याचं कंकण उरलं.

हे झाकण चपखल बसावं म्हणून माणसांनी केवढे प्रवास केलेत! २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडहून आपल्या विजयदुर्गला आले होते, आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला दुर्बिणी घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला. विजयदुर्गावर लॉकियरना हेलियम सापडला, अशी गोष्ट कोकणात आवडीने सांगतात. तारखा ते मान्य करत नाहीत. सूर्याच्या वर्णपटातली, हेलियमची खूण असलेली ती पिवळी रेषा १८६८चीच, आणि लॉकियरनी ती पाहिली इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना. पण किल्ल्यावर उभं राहून ही गोष्ट ऐकताना मी मध्ये बोलले नव्हते.

चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटरने लांब जातोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय. आपली नखं साधारण याच वेगाने वाढतात. आणखी सुमारे ६० कोटी वर्षांनी झाकण कायमचं लहान पडेल, मग खग्रास नाही, फक्त कंकण. दर रविवारी नखं कापताना मला चांदोमामा आठवतो, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता २ ऑगस्ट २०२७. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त काळ खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, ढगांनी मेहेरबानी केली तर. आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, वर सोमवार. आईला हे सांगितलं तेव्हा ती लगेच हिशेबाला लागली. दिवे आदल्या दिवशी घासायचे, पूजा सकाळीच, नैवेद्य ग्रहणाच्या आत. मग थांबली.

“कणकेचे दिवे उकडायचे असतात त्या दिवशी. चाळणी मला लागेल.”