आमची वाटचाल: तुटलेला लगेज रॅक, वेल्डिंगशिवाय

आमचं वर्कशॉप सुरू झालं तेव्हा आम्ही मोटरसायकलची सगळीच कामं घ्यायचो. लगेज रॅक हे त्यातलं अगदी किरकोळ काम होतं. पण बाहेरून वेल्डिंग करून घेतलेले रॅक वरचेवर येऊ लागले आणि ते मोडलेले असायचे एकाच जागी. वेल्डिंगचा टाका शाबूत, त्याला लागून असलेला पाइप तुटलेला.

रॅक एका दणक्यात क्वचितच तुटतो. इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे हादरे त्याला सतत थोडंथोडं वाकवत राहतात. जिथे ताण एकवटतो तिथे केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू पाइपभर फिरते. टाक्याची कड ही नेमकी तशी जागा. अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं आणखी वेगळं आहे. ६०६१-टी६ सारखं उष्णताप्रक्रियेने मजबूत केलेलं अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या आसपास पुन्हा नरम पडतं. लोखंडी पाइपला आतून गंज धरतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही.

मग आम्ही पाइप आतून जोडायला लागलो. छोटा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) घेतला आणि या कामाला खरी दिशा मिळाली. १६ मिमी बाहेरचा व्यास आणि १.५ मिमी जाडी असलेल्या पाइपच्या आत १३ मिमी पोकळी असते. त्यात हाताने दाबून सरकेल असा भरीव गज आम्ही कातून घेतो. लोखंडी पाइपला लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियमचा. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तो पाइपच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे साधारण ५० मिमी आत जातो. रॅकचं एक टोक सोडवलं की पाइप थोडा फाकतो आणि गज बसतो.

गजाची दोन्ही टोकं निमुळती करावीच लागतात. सरळ कापलेलं टोक ठेवलं तर पाइप जिथे एकदम ताठ होतो तिथेच नवा तडा जातो. बोल्टची भोकंही पाइपच्या वर-खाली न पाडता बाजूंना पाडायची. भाराने पाइप वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण वरच्या आणि खालच्या अंगाला असतो, मधल्या अंगाला तो जवळजवळ नसतो. प्रत्येक बाजूला ५ मिमीचे दोन बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीने सैल न होणारे), आणि भोकाच्या कडा कानशीने मोडलेल्या. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जात असेल तर ग्रीस लावल्याशिवाय आम्ही तो बसवत नाही. ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

वळणावर तुटलेल्या पाइपमध्ये गज जात नाही. तिथे बाहेरून दोन अर्ध्या खोबण्यांची स्लीव्ह, म्हणजे पाइपवर चढणारं नळीसारखं आवरण, बसवून ती बोल्टने आवळतो. दिसायला थोडी जाड दिसते, पण पकड उत्तम.

एवढ्यावर काम संपवलं तर रॅक दुसरीकडे तुटेल. म्हणून गाडी जागेवर उभी करून आम्ही रॅक हाताने वर-खाली आणि आडवा हलवून बघतो. मागचं टोक डुलत असेल तर आधार कमी आहे. अशा वेळी एक तिरपी पट्टी देऊन त्रिकोण पूर्ण करतो. पुष्कळदा मूळ कारण एकच निघतं: चारपैकी एक बोल्ट कधीच गळून पडलेला आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर. ६ मिमीचा ८.८ दर्जाचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचा आणि पहिल्या मोठ्या प्रवासानंतर पुन्हा तपासायचा, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

चेसिसच्या सबफ्रेमलाच, म्हणजे सीट पेलणाऱ्या मागच्या सांगाड्यालाच, तडा गेलेला असेल तर आम्ही ते काम घेत नाही. तिथे माणसाचा भार असतो. उत्पादकाने रॅकसाठी सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त सामान लादायचं म्हणून जाड पट्ट्या मागणाऱ्यांनाही नाही म्हणतो. रॅक टिकेल, पण मागच्या चाकाच्या मागे गेलेलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि वळणावर गाडी हातात राहत नाही.

पुढे लांबच्या प्रवासाला निघणारे चालक वाटेत स्वतः बसवता येईल असं काही मागू लागले. त्यातून आमचं किट तयार झालं: कातलेला गज, दोन अर्धी स्लीव्ह, बोल्ट, नट आणि भोकांची जागा दाखवणारा कागदी साचा. चौकोनी पाइपसाठी वेगळं किट लागेल. त्याच्या एका सपाट बाजूला आतून सहसा वेल्डची शिवण असते, त्यामुळे गजाची ती बाजू तासावी लागते. सध्या आमच्या लेथवर तेच काम सुरू आहे.