तुम्ही विचारलंत म्हणून: बेल्ट ग्राइंडर घरी केला तर किती पडतो?

चोपड्याला माझं लहानसं वर्कशॉप आहे. गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून कोयते, विळे आणि अलीकडे केळीच्या फण्या उतरवायच्या वाकड्या सुऱ्या, एवढंच काम मी करतो. गिऱ्हाईक आत आलं की त्याची नजर आधी कोपऱ्यातल्या बेल्ट ग्राइंडरवर जाते. तो मी स्वतः बनवलाय हे कळलं की सुरीचा विषय मागे पडतो आणि प्रश्न येतो, ‘कितला पैसा लागनात, भाऊ?’ रावेर-यावलकडची पोरं फोनवरही हेच विचारतात. घरी बनवलेला स्वस्त पडतो, की सरळ विकत घ्यावा? दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा या वेळी वही उघडून बसलोय.

ज्यांनी ही मशीन पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. पॉलिश कागदासारखा, पण जाड कापडाचा एक गोल पट्टा तीन-चार चाकांवरून फिरतो. पट्टा ५० मिलिमीटर रुंद आणि साधारण १,८३० मिलिमीटर लांब, म्हणजे दोन बाय बहात्तर इंची. एक चाक मोटारीच्या शाफ्टवर असतं, वरच्या चाकाने पट्टा डावी-उजवीकडे सरकवून मधोमध आणता येतो, आणि पुढे दोन लहान चाकांच्या मध्ये एक सपाट पट्टी असते. तिला प्लेटन म्हणतात. त्या पट्टीवर पातं टेकवून धार काढायची. अँगल ग्राइंडरने ज्या पात्याला माझा अर्धा दिवस जायचा, ते इथे पाऊण तासात निघतं, आणि दोन्ही बाजूंचा उतार सारखा येतो.

आता वही. मी मशीन २०२३ च्या दिवाळीनंतर करायला घेतली. दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार ९,४०० रुपये. वेग कमी-जास्त करणारी व्हीएफडी, जिला आपल्याकडे नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात, ८,९००. लेथवर करून घेतलेली पहिली चाकं २,६००. ती वाया गेली, त्याबद्दल पुढे सांगतो. मग विकत आणलेला ॲल्युमिनियमच्या चाकांचा संच ८,५००. चौकोनी पाइप, बारा एमएमची प्लेट, सळई मिळून १,९००. वेल्डिंग आणि ड्रिलिंग २,०००. बेअरिंग, बोल्ट, हँडल १,१५०. ताणाची गॅस स्प्रिंग ६००. वायर, एमसीबी आणि लाल बटणाचा इमर्जन्सी स्विच १,४५०. पहिले दहा पट्टे ४,२००. जळगाव-भुसावळच्या फेऱ्या १,१००. सगळं मिळून ४१,८०० रुपये झाले.

त्याच आठवड्यात तयार मशीनचा जो भाव मला मिळाला होता तो मोटार, ड्राइव्ह आणि जीएसटी धरून ६२,००० होता. वर ट्रान्सपोर्टचे ३,५००. पट्टे त्यात नव्हते. ते धरले की ६९,७०० होतात. म्हणजे मी २७,९०० रुपये वाचवले, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो, आणि मलाही ते खरं वाटत होतं.

पण मशीन उभी करायला माझे एकतीस दिवस गेले. सलग नाहीत, रविवार, संध्याकाळी, लग्नसराईत गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी. तरी ते दिवसच होते. फिटरची ८०० रुपये रोजी धरली तर २४,८०० होतात. मग वाचले किती? ३,१००. हा आकडा मी आता न लपवता सांगतो, कारण मला विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात कापूस वेचणीच्या दिवसांत एका माणसाच्या रोजीला खरंच किंमत असते.

चाकांचं आता सांगतो. खरा पैसा कुठे जातो ते मला तिथे कळलं.

लोखंड स्वस्त आहे. भंगारात चांगली प्लेट किलोवर मिळते, चौकोनी पाइप कुठेही मिळतो. म्हणून वाटलं, चाकंही करून घेऊ. पहिल्या लेथवाल्याने ॲल्युमिनियमचा गोळा लावला, मधलं भोक पाडलं, गोळा काढला, उलटा धरला आणि मग बाहेरची बाजू कातली. दिसायला चाक सुंदर होतं, आरशासारखं. मोटारीवर चढवलं, पट्टा लावला, बटण दाबलं आणि सगळं टेबल थरथरायला लागलं. मी बोल्ट आवळले. खाली रबर घातलं. फ्रेमला आणखी एक तिरका आधार वेल्ड केला. काही फरक नाही. पातं घासून ट्यूबलाइटखाली धरलं तर त्यात उजेडाची रेघ सरळ पडत नव्हती, हलत्या पाण्यात दिसावी तशी मोडत होती. प्रत्येक उतारावर बारीक लाटा.

शेवटी चाक पिशवीत घालून भुसावळला एका जुन्या लेथवाल्या आण्णांकडे नेलं. त्यांनी ते एका सळईवर चढवलं, शेजारी डायल गेज लावला आणि हाताने हळू फिरवलं. काटा तीस घरं पुढे गेला, तीस घरं मागे आला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चाकाचं भोक आणि बाहेरचा घेर यांचा मध्य वेगवेगळा होता. माझी मोटार मिनिटाला २,८८० फेरे मारते, म्हणजे तो उंचवटा सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा पट्ट्याला ठोसा देत होता. आण्णा म्हणाले, ‘भोक अन् घेर एकज पकडमा कराना पडतस. पैसा लोखंडना नही भाऊ, गोलाईना लागतस.’

एकाच पकडीत, म्हणजे चकमधून माल न सोडवता, दोन्ही कामं. एवढी एक गोष्ट पहिल्या माणसाने केली असती तर माझे २,६०० रुपये आणि जवळजवळ तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून मी लोकांना एकच सांगतो: फिरणारी वस्तू विकत घ्या, जागेवर उभी राहणारी घरी करा. चाकं, मोटार, बेअरिंग विकतची. फ्रेम, टेबल, प्लेटनचा आधार, पाण्याच्या बादलीची जागा घरची. असं केलं तर दहा-बारा दिवसांत मशीन उभी राहते आणि बचत खरी होते.

वरच्या चाकाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ‘पट्टा निसटतो’ म्हणून निम्मे फोन येतात. त्या चाकाला पोट लागतं. मधे किंचित फुगीर, कडांना उतरतं. सपाट पट्टा नेहमी चाकाच्या जास्त घेराच्या भागाकडे चढतो, म्हणून पोट असलं की तो आपोआप मधे येऊन बसतो. ज्यांनी गावातली इंजिनवरची पिठाची गिरणी पाहिलीय त्यांनी हे पाहिलेलं आहे. तो लांब चामडी पट्टा दिवसभर पुलीवरून पडत नसे तो याच पोटामुळे. माझ्या ७५ मिलिमीटरच्या चाकाला मधे जेमतेम अर्धा मिलिमीटर फुगवटा आहे. तेवढा पुरतो. जास्त दिलात तर पट्टा मधेच ताणला जातो आणि जोडावर लवकर फाटतो.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती घरी बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते. घरात सिंगल फेज वीज. ड्राइव्ह तीच घेऊन मोटारीला थ्री फेज देते, पण २३० व्होल्टची. आपल्याकडच्या दोन हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटारी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेल्या येतात. मी तशीच जोडली. मोटार फिरायची छान, आवाजही गोड, पण पातं जरा दाबलं की थांबायची. मला वाटलं मोटारच खराब. दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. वाटेत रिवाइंडिंगवाल्याकडे थांबलो, त्याने टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडलं, आतल्या तीन पितळी पट्ट्या काढून उभ्या लावल्या, म्हणजे स्टारची डेल्टा केली, आणि झाकण लावून दिलं. पाच मिनिटांचं काम. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीला २३० ऐवजी १३३ व्होल्टच मिळत होते आणि ताकद तिसऱ्या हिश्शावर आली होती. मात्र यासाठी मोटारीतून सहा टोकं बाहेर आलेली हवीत. काही मोटारींत तीनच येतात, बाकीची आत बांधलेली असतात. मग रिवाइंडिंगवाल्याकडून ती बाहेर काढून घ्यावी लागतात आणि त्याचा खर्च वेगळा. मोटार घेतानाच झाकण उघडून बघा.

ड्राइव्ह नकोच असेल तर सिंगल फेज मोटार आणि पायरीची पुली, म्हणजे लहान-मोठ्या घेरांची, पट्टा सरकवून वेग बदलायची, लावूनही काम होतं. आठ-नऊ हजार वाचतात. नुसते कोयते करायचे असतील तर मी तेही सुचवतो. पण मुठीचं लाकूड घासायला वेग निम्म्याहून खाली आणावा लागतो, नाहीतर लाकूड जळतं, आणि टेम्पर दिलेलं पातं शेवटच्या हातात गरम होऊन चालत नाही. काठ निळा पडला म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलं. कितीही सुंदर दिसो, ते पातं केळीच्या दांड्यावर दोन दिवसांत बोथट होणार. मी प्रत्येक घासणीनंतर पातं बादलीत बुडवतो आणि हातमोजा घालत नाही, म्हणजे बोटाला चटका बसला की पाणी आठवतं.

ड्राइव्हचं आपल्या भागातलं दुखणं म्हणजे उन्हाळा. पुष्कळ ड्राइव्हची पूर्ण ताकद ४० अंशांपर्यंतच धरलेली असते, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचं तापमान ४५ च्या घरात जातं. उघडी ठेवली तर लोखंडाची भुकटी आत जाऊन शॉर्ट होते, बंद पेटीत ठेवली तर तापून ट्रिप होते. मी ती मशीनपासून दूर, भिंतीच्या पलीकडे पॅसेजमध्ये बसवली आणि वायर लांब ओढली. शिवाय वेग फार कमी ठेवून तासन्‌तास चालवली तर मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो आणि मोटार भाजते. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे पाच ते दहा काम करतो.

ठिणग्यांचा खर्च कोणी हिशोबात धरत नाही. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या ओसरीत कापूस भरलेला असतो. माझी मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, पट्ट्याच्या खाली पाण्याची बादली, दार बंद. लोखंड घासल्यावर त्याच पेटीत लाकडाचा भुसा कधीच पडू देत नाही. भुशात अडकलेली ठिणगी तासाभराने धुमसायला लागते. चांगला मास्क, चष्मा आणि पत्र्याचा आडोसा हे दीड-दोन हजार मशीन घरची असो की विकतची, बाजूला ठेवाच.

आणि पट्टे. हंगामात महिन्याला बारा-पंधरा पट्टे जातात. सिरॅमिकचा एक पट्टा साध्या पट्ट्याच्या दुप्पट-तिप्पट महाग, पण जाड काम त्यानेच करायचं, कारण तो टिकतो आणि पातं कमी तापवतो. वर्षभरात माझे पट्ट्यांचे पैसे मोटार आणि ड्राइव्ह मिळून होतात त्याहून जास्त होतात. म्हणून मशीनवर दहा हजार वाचवायला निघालेल्याला मी आधी विचारतो, पहिल्या वर्षाचे पट्टे कुठून आणणार?

मग घ्यावी की बनवावी? मागच्या महिन्यात यावलहून एक मुलगा आला. केळी पॅकिंगच्या टोळीला चाळीस सुऱ्या द्यायच्या, दोन महिन्यांची मुदत, ॲडव्हान्स घेतलेला. त्याला मी बनवू दिली नाही. म्हटलं, तयार घे, पण भाव विचारताना मोटार आणि ड्राइव्ह त्यात आहेत का ते लिहून घे, कारण बरेच जण नुसत्या सांगाड्याचा भाव सांगतात. आणि पैसे देण्याआधी मशीन चालू करून तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेव. पाणी शांत राहिलं तरच उचल. बाहेरदेशाहून मागवायच्या भानगडीत मात्र पडू नको, भाडं, कस्टम आणि कर मिळून किंमत हाताबाहेर जाते आणि बिघडली तर दाद कुठे मागणार?

शहाद्याचा दुसरा एक जण आहे. त्याच्या काकांकडे लेथ आहे, वेल्डिंग तो स्वतः करतो, घाई कसलीच नाही. त्याला मी फ्रेमची मापं कागदावर काढून दिली आणि आण्णांचं वाक्य वर लिहून दिलं. चाकं तो स्वतः कातणार म्हणतोय. एकाच पकडीत.

तुमचं काम यातलं कोणतं ते तुम्हीच ठरवा. बनवायची ठरली तर या, रविवारी मी असतो. येताना मोटार आणू नका, जड असते. टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडून आतला फोटो काढून आणा. टोकं तीन आहेत की सहा, ते आधी बघू.