दूध तुटलेले मूल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र हाती आले तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्याने उभ्या राहिल्या त्या आम्हाला पवित्र शास्त्र (बायबल) शिकवणाऱ्या बाई, सभागृहाच्या कोपऱ्यात बाकावर बाक चढवून ठेवताना. शनिवारची युवक संघाची सभा आटोपली की आम्ही मुले दाराकडे धावत असू आणि बाई एकट्याच आवराआवर करू लागत. त्यांनी कोणाला मदतीस बोलावल्याचे मला आठवत नाही. नववीत असताना एका शनिवारी मी दाराशी थबकलो, मागे फिरलो आणि बाकाचे दुसरे टोक उचलले. बाई काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त आपले टोक थोडे खाली घेतले, कारण माझी उंची तेव्हा फारच कमी होती. माझ्या सेवेचा आरंभ त्या दिवशी झाला, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

संघात बाईंचा एक नियम होता. आलेल्या प्रत्येकाने सभेत काही ना काही भाग घ्यायचा. प्रार्थना, गीत, साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे, आणि यांपैकी काहीच जमत नसेल तर पवित्र शास्त्रातले एक वचन मोठ्याने म्हणायचे. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी 1881 साली आपल्या मंडळीतील (चर्चमधील) तरुणांसाठी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ हा संघ स्थापन केला, त्याच्या प्रतिज्ञेत जवळजवळ हीच अट होती, हे मला पुढे वाचनात आढळले. नुसते ऐकत बसणाऱ्याचा विश्वास ऐकीवच राहतो, एवढे त्या नियमाचे मर्म आहे. चारचौघांत उभे राहताना माझा घसा कोरडा पडत असे, म्हणून मी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले, कोणी तुझ्या तारुण्याला तुच्छ मानू नये, या आशयाचे वचन निवडले. त्या वचनाचा उत्तरार्ध मात्र मी कितीतरी वर्षे घाईघाईने म्हणत आलो. भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत इतरांना कित्ता हो, असे तो सांगतो, आणि तिथे तारुण्याचा मान मागायचा नसून तो वागण्याने मिळवायचा आहे.

शाळा सुटल्यावर मी मंडळीच्या तरुण संघाचा चिटणीस झालो. उत्साह अपार होता आणि हजेरीची वही सतत हातात असे. सभेला मुले वाढली की माझी प्रार्थना लांबत असे, ती घटली की मला रात्री झोप लागत नसे. एका वर्षी मी शिबिराची तयारी तीन महिने केली. 60 नावे नोंदली गेली आणि प्रत्यक्षात 22 जण आले. त्या तीन दिवसांत मी आलेल्या मुलांकडे नीट पाहिलेसुद्धा नाही, माझे सगळे लक्ष रिकाम्या अंथरुणांकडे होते. हे आज लिहितानाही मला वाईट वाटते, कारण त्या 22 जणांतले काही मोठ्या ओढीने आले असतील.

मी बाईंकडे जाऊन मन मोकळे केले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि येत्या रविवारी दुपारी वृद्धाश्रमात येशील का, एवढेच विचारले.

तिथे एक आजी होत्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांना शास्त्रपाठ वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी 131 वे स्तोत्र वाचायला सांगितले. ते अवघ्या तीन वचनांचे आहे. मी ते अर्ध्या मिनिटात संपवले आणि पुढचे काढू लागलो. आजींनी चाचपडत माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाळा, परत वाच. मधल्या वचनाशी थांब.” मी पुन्हा वाचले. त्या ओठांनी माझ्याबरोबर शब्द म्हणत होत्या, त्यांना ते तोंडपाठ होते. उजव्या हाताचे बोट पांघरुणाच्या काठावरून ओळीबरहुकूम सरकत होते. आईजवळच्या, दूध तुटलेल्या मुलाप्रमाणे मी आपला जीव शांत केला आहे, असे ते मधले वचन आहे. “अंगावर पिणारं मूल आईला बिलगतं ते दुधासाठी,” आजी म्हणाल्या. “दूध तुटलेलं बिलगतं ते आईसाठी. तू देवाजवळ काय मागायला बसतोस?”

मला उत्तर देता आले नाही. मी सेवेच्या आडून मुलांची संख्या मागत होतो, मोठ्यांची शाबासकी मागत होतो, आणि ते मिळाले नाही की रडणाऱ्या तान्ह्या मुलासारखा बेचैन होत होतो. येशू घरी आला असता मार्था कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, हा प्रसंग मी अनेकदा शिकवला होता. येशूने मार्थेला बोल लावला तो ती काम करत होती म्हणून नव्हे, पुष्कळ गोष्टींची काळजी करत दगदगली होती म्हणून, हे मला त्या खाटेशेजारी बसून उमगले. पुढे बायबलमधील, प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र वाचताना एका क्रियापदाने मला थांबवले. ज्या स्थितीत आहे तीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, असे पौल बंदिवासातून लिहितो. शिकलो, असे तो म्हणतो. मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या त्या प्रेषितालाही समाधान आपसूक लाभले नव्हते. त्याचे धडे त्यालाही गिरवावे लागले होते.

तेव्हापासून आमच्या संघात भेटींना सभेइतकेच महत्त्व आले. बाई या संदर्भात रेडक्रॉसचे एक संस्थापक आंरी ड्युनां यांची हकिकत सांगत. 1844 साली लंडनमध्ये कापडाच्या पेढीत काम करणाऱ्या 22 वर्षांच्या जॉर्ज विल्यम्स यांनी काही मित्रांना घेऊन वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू केली; जिनिव्हातील शाखेच्या उभारणीत तरुण ड्युनां पुढे होते. त्या वयात ते गोरगरिबांना आणि तुरुंगातील कैद्यांना भेटत असत. 1859 मध्ये इटलीतील सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी विव्हळत पडलेले पाहिले तेव्हा ते व्यवसायाच्या कामासाठी प्रवासात होते, तरीही ते तिथे थांबले आणि गावातील स्त्रियांना सोबत घेऊन दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा करू लागले. त्यातून 1863 साली रेडक्रॉसचा पाया घातला गेला. पुढे त्यांचे दिवाळे निघाले, अनेक वर्षे जग त्यांना विसरले, आणि 1901 चे पहिले शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले तेव्हा ते एका रुग्णालयातील खोलीत राहत होते. त्यांच्या उत्तरायुष्यात समाधान होते असे मी म्हणणार नाही, कारण ते फार दुखावलेले होते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे थांबणे. आठवड्यामागून आठवडे कोणाच्या तरी उशाशी बसण्याची ज्याला तरुणपणी सवय लागली आहे, त्याचे पाय अशा वेळी पुढे निघून जात नाहीत, अशी माझी श्रद्धा आहे.

आजींकडे मी चार वर्षे गेलो. शेवटच्या महिन्यांत त्यांना माझे नाव आठवत नसे, पण मी वचन सुरू केले की बोट पांघरुणावरून सरकू लागे. चिटणीसपद मी त्याच सुमारास दुसऱ्याकडे सोपवले. संघ मात्र सोडला नाही. आज आमच्याकडे कधी 40 मुले येतात, कधी 9. हजेरी अजूनही लिहिली जाते, कारण जो आला नाही त्याची चौकशी करायची असते.

बाई आता थकल्या आहेत आणि घराबाहेर पडत नाहीत. गेल्या महिन्यात मी संघातल्या एका मुलाला घेऊन त्यांना भेटायला गेलो. काय वाचू, असे त्याने विचारले, तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्याला स्तोत्र काढून दिले. त्याने ते भराभर वाचून संपवले आणि पान उलटायला हात पुढे केला. बाई डोळे मिटून हसल्या, आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.