ये शहाण्या!

दूध उतू गेलं की आमच्या घरात मी शहाणा व्हायचो. "ये शहाण्या, गॅसपाशी कशाला उभा केला होता तुला?" असं आई विचारायची. वर्गात नंबर आला तेव्हा तिने मला शहाणा म्हटल्याचं मात्र आठवत नाही, तेव्हा नुसतं "बरं झालं." हा शब्द मुळात कौतुकाचा आहे, हे मला पुस्तकं वाचायला लागल्यावर कळलं.

मूर्खाला मूर्ख म्हणायला मराठीत शब्द कमी नाहीत. मठ्ठ, मद्दड, ठोंब्या, बावळट, शंख, नंदीबैल. यातल्या नंदीबैलाची मला दया येते. दारात गुबुगुबु वाजवत मालक विचारतो, "पाऊस पडंल का?" आणि तो मान हलवतो. नाही हलवली तर संध्याकाळची वैरण कोण घालणार? नोकरीत मीही तीसेक वर्षं बैठकांना बसलोय, त्यामुळे त्याला मठ्ठ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण टोमणा झोंबावा असं वाटलं, की मराठी माणूस या शब्दांकडे वळत नाही. तो शहाण्याकडे वळतो, आणि तेही तराजू घेऊन. शहाणपण कसं, बरोबर एक असावं. कमी भरलं तर अर्धवट, जास्त भरलं तर दीडशहाणा, आणि काठावरून सांडायलाच लागलं तर अतिशहाणा, ज्याचा बैल रिकामा. एकापेक्षा दीड जास्त, मग ही शिवी कशी, हा प्रश्न मला शाळेत अपूर्णांक शिकताना पडला होता. आता सोसायटीच्या कमिटीत काम केल्यावर उत्तर मिळालंय. ते वरचं अर्धं त्याने दुसऱ्यांच्या कामात घालायला राखून ठेवलेलं असतं.

हा मोजण्याचा नाद जुना आहे. उत्तर पेशवाईतले साडेतीन शहाणे प्रसिद्धच आहेत. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, का, तर मुत्सद्देगिरी होती पण तलवारीत गती नव्हती. आता गंमत बघा. विठ्ठल सुंदर 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. नाना त्यानंतर कारभाराची दोरी वर्षानुवर्षं हातात धरून बसले आणि 1800 साली पुण्यात आजारपणाने गेले. तरी अर्धे तेच! हे माप ज्याने लावलं त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, पण अर्धं राहण्यात फायदा असतो एवढं मला पटलंय.

तराजू नसला तर आपण पैशात मोजतो. "त्याला जरा चार आणे कमीच आहेत." सोळा आण्यांचा रुपया 1957 साली गेला, चार आण्यांचं नाणं 2011 साली चलनातूनच बाद झालं. चलनात नसलेली रक्कम कमी असली तर त्या बिचाऱ्याचं अडलं कुठे?

'ढ'ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीचा तक्ता काढून पाहा. क, ग, म, स, कोणाची ओळख पटत नाही, सगळ्यांनी दोन हजार वर्षांत रूप पालटलं. एक ढ तेवढा जवळजवळ होता तसा बसलाय. फक्त डोक्यावर शिरोरेघ आली. शिकला नाही, सुधारला नाही, पुढच्या इयत्तेत गेला नाही, म्हणून मागच्या बाकावरच्या पोराला ढ म्हणतात, असं आम्हाला मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं. व्युत्पत्ती खरी असो नसो, ढला मी कमी लेखत नाही. बाकीचे बदलत राहिले, पण आज अशोकाला आपल्या वर्णमालेतलं एखादं अक्षर चटकन वाचता आलंच, तर ते तोच असेल.

आता माझ्या गावाविषयी. मी ठाण्याचा. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं, त्यामुळे आमच्या चार पिढ्यांनी एकच विनोद ऐकलाय. "कुठून आलात?" "ठाण्याहून." "सोडलं का?" हे सांगणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. पुणेकरांची अडचण निराळी. त्यांच्या येरवड्यात मनोरुग्णालयही आहे आणि तुरुंगही, तेव्हा "काका येरवड्याला असतात" म्हटलं की पुढचा प्रश्न जपून विचारावा लागतो. रत्नागिरी आणि नागपूरकरांचीही आपापली सोय आहे.

गंमत म्हणजे वेडावर आपला राग नाही. नाटकाचं वेड, विठ्ठलाचं वेड. बायको हसून "वेडे आहात झालं" म्हणाली, तर समजावं की काम झालं. "शहाणेच आहात" म्हणाली, तर जेवण वाढून घ्यावं आणि गप्प बसावं.

आणि वेड सोयीचं असेल तर ते अंगावर घेऊन पेडगावला जावं. हे पेडगाव खरं आहे, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथे मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. 1674 च्या पावसाळ्यात, राज्याभिषेकाला महिना-दीड महिना झालेला, मराठ्यांची एक लहान तुकडी खानासमोर आली आणि पळत सुटली. खान फौज घेऊन लांबवर मागे धावला, तेवढ्यात दुसऱ्या मोठ्या तुकडीने रिकामी छावणी लुटली. कोटभर रुपये आणि दोनशे घोडे गेले म्हणतात. वेड कोणी पांघरलं आणि पेडगावचा शहाणा कोण ठरला, हे दोन्ही वाक्प्रचार याच गोष्टीला जोडून सांगतात.

गेल्या थंडीत सिद्धटेकहून येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेलो. पडकी तटबंदी, बाभळी, जुनी देखणी देवळं, खाली नदी. फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, "पेडगावला पोचलो." बहिणीचं उत्तर मिनिटाच्या आत आलं.

"पांघरून गेलास, की तसाच?"