पत्रादेवी ते पोळे

गोव्याची दक्षिणोत्तर लांबी अवघी १०५ किलोमीटर. पत्रादेवीला महाराष्ट्राची हद्द सुटते, आणि मध्ये कुठे चहाला थांबावं हे ठरेठरेपर्यंत पोळे येऊन पुढे कारवारचे फलक दिसू लागतात. एवढ्याशा राज्यात राहणाऱ्या माणसाने टूरिंगची मोटारसायकल कशाला घ्यावी, हे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि फोंड्याच्या बाजारातल्या निम्म्या लोकांनी मला विचारून झालं आहे. प्रश्न रास्त आहे. १३ लिटरची टाकी एकदा भरली की ही गाडी तीनशे किलोमीटर आरामात काढते. म्हणजे हमरस्त्याने अख्खा गोवा उभा पार करून माघारी यावं, तरी पेट्रोल उरतंच.

तरीही घेतली. बजाजची डॉमिनार ४००. चाकणच्या कारखान्यातली, ३७३ सीसीचं इंजिन, ४० पीएसची ताकद, वजन १९० किलोच्या वर. २०१६ साली ही गाडी पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा टूरिंगचं सामान मालकाने आपलं आपण जमवायचं होतं. २०२१ पासून कंपनीच उंच काच, हँड गार्ड, इंजिनाखालचं कवच, मागे कॅरियर आणि पाठ टेकायला गादी लावून देऊ लागली. त्यामुळे शोरूमवाल्याचं म्हणणं असं, की साहेब, आता करण्यासारखं काही राहिलंच नाही, किल्ली घ्या आणि निघा.

राहिलेलं असतं. कंपनी गाडी बनवते ती एका सरासरी माणसासाठी. त्या माणसाचे हात किती लांब, मनगट कुठे वळतं, पायाचा अंगठा गिअरखाली कितपत शिरतो, हे सगळं कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. तो माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि त्याची उंची माझ्यापेक्षा नक्कीच जास्त आहे.

ह्या बाबतीत माझा पहिला गुरू कुठला यूट्यूबवाला नव्हे, तर स्टँडवरचा एक पायलट. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. काळी मोटारसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, आणि मागे भाडं. हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत गाडीवर बसलेला असतो. त्याची गाडी नीट पाहिलीत तर कळेल की तिच्यावर शोभेचं काहीही नसतं आणि सोयीचं काहीही सुटलेलं नसतं: पुढे जवळजवळ रस्त्याला टेकणारं रबरी फ्लॅप, बूड दुखू नये म्हणून सीटवर जादा थर, रेनकोटची गुंडाळी कायमची बांधलेली. त्याने माझ्या नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली, ॲव्हरेज किती हे विचारलं नाही (मी तिथेच त्याला मानलं), क्लच लिव्हरवर चार बोटं ठेवली आणि म्हणाला, “पात्रांव, हात दुखतलो.” म्हणजे, मालक, हात दुखेल.

लिव्हर फार वर होती. बोटं तिच्यावर नेताना मनगट मागे मोडत होतं. नियम सोपा आहे: गाडीवर नेहमीसारखं बसायचं, डोळे मिटायचे, हात ग्रिपवर ठेवून बोटं सरळ पुढे करायची, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ यायला हवी आणि बोटं लिव्हरवर आपसूक पडायला हवीत. त्यासाठी लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे ढिले करून ती बोटभर खाली फिरवायची आणि पुन्हा आवळायची. बोल्ट फार करकचून आवळायचे नाहीत, कारण गाडी कधी पडलीच तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरलेली बरी. ब्रेकचंही तसंच. गिअरच्या लिव्हरची दांडी आटे फिरवून कमीजास्त करता येते. मी जाड बूट घालतो, म्हणून ती किंचित वर घेतली. ह्या सगळ्याला एक पाना, एक ॲलन की आणि अर्धा तास लागला, खर्च शून्य. शेजाऱ्याने विचारलं, “काय काय केलंस गाडीला?” काय सांगणार? दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

मग सस्पेन्शन. आपल्याकडे नवी गाडी घेणारा माणूस स्टिकरवर दोन आठवडे घालवतो आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरची रिंग फिरते, आणि तिने स्प्रिंग कमीजास्त दाबता येते, हे त्याला गाडी विकेपर्यंत माहीत नसतं. स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसते, त्याला सॅग म्हणतात. चाकाच्या एकूण वरखाली हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा, ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास, ती बसावी. कमी बसली तर खड्डा थेट कण्यात जातो, जास्त बसली तर वळणावर गाडी मागे लोळल्यासारखी वागते. मोजायला मात्र माणसं लागतात. ह्या गाडीला सेंटर स्टँड नाही, म्हणून बाबांनी आणि चुलतभावाने कॅरियरला धरून मागचं चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढं उचललं, आणि आईने शिवणाची टेप घेऊन ॲक्सलच्या नटपासून वर, सीटखाली मी लावलेल्या चिकटपट्टीपर्यंतचं अंतर घेतलं. आईचा हात टेपला बसलेला. ब्लाउजची मापं ती कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते, तिथेच तिने हेही लिहिलं. मग मी हेल्मेट, जाकीट घालून दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसलो, भावाने पुढून हँडल धरलं.

“अंग चोरून बसू नकोस, माप खोटं येतं,” आई म्हणाली.

दोन आकड्यांची वजाबाकी चाळीसच्या पुढे गेली. बाबांचं मत पडलं की स्प्रिंग नरम आहे. आईचं मत पडलं की स्प्रिंगला काही झालेलं नाही. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्याने रिंग दोन खाचा वर चढवली आणि पुन्हा मोजलं, तेव्हा जमलं. त्या संध्याकाळी बोरीच्या उतारावर गाडी पहिल्यांदा माझ्या मनाने वळली.

शॉकॲब्सॉर्बरला हात लावला की हेडलाइट पाहावाच लागतो, हे फारसं कुणी सांगत नाही. मागची बाजू वर गेली की दिव्याचा झोत खाली येतो, मागे माणूस बसला की झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. आमच्या आतल्या रस्त्यांवर दोन गाड्या एकमेकींचा श्वास ऐकत पलीकडे जातात. तिथे असा झोत म्हणजे समोरच्याला गटारात घालणं. अंगणातला चिऱ्यांचा गडगा ह्या कामाला उत्तम. गाडी त्याला टेकवायची, दिव्याच्या मध्याची उंची खडूने चिऱ्यावर मारायची, मग काही मीटर मागे घेऊन लो बीमची वरची कड त्या खुणेच्या थोडी खाली येईल असा स्क्रू फिरवायचा. गडग्यावर ती खडूची रेघ पुसायची नाही असं मी घरात बजावून ठेवलं आहे.

रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला बेताने चालवून रुळवण्याच्या बाबतीत मात्र गोव्याइतकी सोयीची जागा नाही. नव्या इंजिनाला एकाच वेगात तासन्‌तास पळवलेलं मानवत नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून नीट बसायच्या तर वेग सतत बदलता हवा, ताण मध्यम हवा. सरळसोट महामार्ग असलेल्यांना त्यासाठी मुद्दाम गिअर बदलत बसावं लागतं. आम्हाला फक्त म्हार्दोळहून सावईवेऱ्याला जायचं. चढ, कुळागर म्हणजे पोफळीची बाग, आंधळं वळण, समोरून खासगी बस, पुन्हा उतार, मधोमध बसलेली गाय, तिची मर्जी होईपर्यंत न्यूट्रल. गिअर बदलायची आठवण ठेवावी लागत नाही. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो, तोही अशा हळू वळणांत झिजतो. पहिल्या सर्व्हिसला काढलेल्या तेलात इंजिनातला बारीक धातू चमकताना पाहिला आणि गाडी इतके दिवस आवरून चालवल्याचं समाधान झालं.

म्हार्दोळला गाडीची पूजाही झाली. भटजींनी टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते मी चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मवर आलं, आणि फिल्म कसली ह्याची चौकशी करून त्यांनी तिची किंमतही विचारून घेतली. जायांची माळ हँडलला बांधली होती, ती क्लचच्या केबलमध्ये अडकू नये म्हणून देवळाच्या आवारातच आरशाकडे सरकवली.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मागच्या बाजूंच्या बॅगांसाठी स्टे, म्हणजे त्यांना चाकापासून दूर धरणाऱ्या लोखंडी दांड्या, हव्यातच, नाहीतर कापड सायलेन्सरला चिकटून जळतं. टॉप बॉक्सच्या, म्हणजे कॅरियरवर बसवायच्या पेटीच्या, मी विरोधात आहे: वजन उंच आणि मागे जातं, पुलावर आडवा वारा लागला की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं. मोबाइलचा होल्डर कंपनं शोषणाऱ्या रबराचा घ्यावा. मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ साली स्वतःच जाहीर केलं होतं. बाकी चोर्लेच्या घाटात रेंज जाते, तेव्हा होल्डर मुख्यतः घड्याळ बघायला. जादा दिवा किंवा चार्जर लावाल तर बॅटरीपासून स्वतंत्र तार, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूज घालून लावा. मूळ वायरिंग कापून जोड मारणारा मेस्त (मेकॅनिक) दिसला की गाडी सुरू करून निघून या.

सायलेन्सर बदला, असं सांगणारे सर्वात जास्त भेटले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत, पोलीस थांबवतात, हे झालं एक. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्या वाड्यावर पहाटे पाववाल्याचा भोंपू वाजतो, तेवढा आवाज त्या वेळेला पुरे.

दुसरी लोकप्रिय शिफारस म्हणजे सारी गार्ड काढा, गाडी मोकळी दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला आधार आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं कवच हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. नियम नसता तरी ते काढलं नसतं. मागे बसणार कोण? आई. तिने सीटची उंची पाहिली आणि म्हणाली, “ह्याला शिडी कंपनीकडून येत नाही?” आता ती एका बाजूला पाय सोडून नव्हे, दोन्हीकडे पाय टाकून, पंजाबी ड्रेस घालून बसते. ओढणीची टोकं मात्र मी प्रत्येक वेळी मागे वळून पाहतो. ती बसणार असली की रिंग आणखी दोन खाचा वर आणि हेडलाइटचा स्क्रू तेवढ्याच हिशेबाने खाली.

सर्वात जास्त काम समुद्र आणि पाऊस लावतात. खारी हवा बोल्टच्या खोबणीत बसते, पावसाळ्यात लाल चिखल चेनवर चढतो, आणि ऑगस्टपर्यंत बिनकाळजीच्या गाडीला गंजाची लाली आलेली असते. चेन साफ करायला रॉकेल चालतं, पेट्रोल नाही. आतल्या रबरी ओ-रिंग पेट्रोलने खराब होतात आणि मग बाहेरून तेल पाजून उपयोग नसतो. फिरून आल्यावर चेन कोमट असतानाच ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने आतल्या बाजूने लावायचं, जास्तीचं फडक्याने पुसायचं. मामांनी खोबरेल सुचवलं होतं. घरचं आहे, फुकट आहे, हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत.

फेरीबोटीसाठी साइड स्टँडच्या टोकाला रुंद चकती लावली. दिवाडीच्या बोटीवर ओल्या लोखंडी पत्र्यावर एवढं वजन निमुळत्या टोकावर उभं करायचं, बोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो, आणि शेजारी कुणाची तरी नवी कोरी स्कूटर असते. ती चकती घेतल्याचा मला काचेपेक्षा जास्त आनंद आहे.

कारण काच अजून जमलेली नाही. कंपनीची उंच काच सरासरी माणसाच्या छातीवरचा वारा अडवते. माझ्या बाबतीत तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर येऊन थडकतो. ऐंशीच्या पुढे डोकं हलायला लागतं. फूटरेस्टवर किंचित उभं राहिलं की वारा जोराचा पण एकसारखा लागतो, डोकं स्थिर होतं. म्हणजे दोष वाऱ्याचा नाही, कडेचा आहे. आता काच खाली आणून पाहायची की वर एक छोटी पट्टी जोडायची, ह्यावर पेडण्याकडच्या चौपदरी रस्त्यावर माझे प्रयोग चालू आहेत. तिकडे जाताना पणजीत मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर चढता येत नाही, तिथे दुचाकीला मनाई आहे. ४० पीएसची टूरिंगची गाडी घेऊन मी जुन्या मांडवी पुलावर स्कूटरांच्या मागे उभा असतो, आणि त्या वेगात काच अगदी व्यवस्थित आहे.

बेळगावला चोर्ल्यातून जायचं की अनमोडातून, हे ठरल्यावर पहिली लांबची फेरी होईल. त्याआधी बाबांच्या हुकाचं काहीतरी करावं लागेल. मासळीबाजारातून येताना पिशवी लावायला गाडीला हूक नाही, ही त्यांची एकच तक्रार, आणि ती ते रोज करतात. लेग गार्डला लावला तर पिशवी गुडघ्याला घासते. मागे कॅरियरला लावला तर बांगड्यांचं पाणी गरम सायलेन्सरवर गळेल आणि बेळगावपर्यंत वास जाणार नाही, असं गॅरेजवाल्याने आत्ताच सांगून ठेवलं आहे.